शिकण्याची आपली पद्धत कशी ओळखायची? (मोडी शिकताना पडलेला प्रश्न)

बोरू_टाक

नमस्कार मंडळी,

सध्या मोडी शिकते आहे. घरी पणजोबांच्या वेळची एक ट्रंक आहे. तिच्यात जमिनीचे कागद, काही खासगी पत्रं आणि जमाखर्चाची एक वही आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेण्यापेक्षा हे आपलं आपल्याला वाचता यावं, या हट्टापायी वर्गात नाव घातलं. वर्ग फार छान आहे. कॉलेजातली मुलं, एक निवृत्त तलाठी, एक वकील, इतिहासात एमए करणाऱ्या दोघी, सगळे एकत्र बसतो.

मागच्या आठवड्यात एकीने मोबाइलवर एक प्रश्नावली आणली. नवीन यंत्र घरी आलं तर तुम्ही माहितीपत्रक वाचता, आकृती बघता, कुणाला तरी विचारता की सरळ चालू करून बघता, अशा धर्तीचे सोळा प्रश्न. शेवटी उत्तर मिळतं: तुम्ही दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन किंवा कृती यांपैकी अमुक प्रकारचे शिकणारे आहात. सगळ्यांनी हौसेने भरली. पुढच्या तासाला मात्र गंमत राहिली नाही. ‘मी श्राव्य आहे, मला गिरवून उपयोग नाही’ असं म्हणत एकाने टाक बाजूला ठेवला. एमएवाली एक म्हणाली, ‘मी दृश्य, मी नुसते तक्ते बघेन.’ सर फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, ‘हात वळल्याशिवाय मोडी डोळ्यांना दिसत नाही.’

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. प्रत्येकाची शिकण्याची अशी एक ठरावीक पद्धत खरोखर असते का? असली तर ती ओळखायची कशी? आणि नसली तर मग मला सकाळी शांततेत एकटीने बसल्यावर येतं आणि शेजारच्या काकांना चारचौघांत मोठ्याने वाचल्यावर येतं, हे काय आहे?

इथे शिक्षक आहेत, गाणारे-वाजवणारे आहेत, स्पर्धा परीक्षावाले आहेत. तुम्ही तुमची पद्धत कशी शोधलीत ते सविस्तर लिहा. मला मनापासून ऐकायचं आहे.

गारवा

उत्तम विषय. रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी लिहितो.

संथ_लय

मी तबला शिकते, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगते.

आमच्याकडे कायदा (तबल्याच्या बोलांची ठरावीक रचना) हातात यायच्या आधी तोंडात यावा लागतो. याला पढंत म्हणतात. हाताने टाळी-खाली दाखवत बोल म्हणायचे. तीनताल असेल तर सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. लय पक्की झाली की मग बोटं. एखादी तिहाई (तीनदा वाजवायचा बोलांचा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नसेल तर गुरुजी तबला बाजूला ठेवायला सांगतात आणि म्हणायला लावतात. बहुतेक वेळा चूक हातात नसतेच, म्हणण्यातच एखादी मात्रा निसटलेली असते.

आता सांगा, हे श्राव्य की कृती? मी कानाने ऐकते, तोंडाने म्हणते, हाताने मोजते आणि घरी येऊन वहीत बोल विभाग पाडून लिहूनही काढते. गुरुजींना ‘माझा प्रकार दृश्य आहे, मला फक्त लिहून द्या’ असं सांगितलं तर ते लिहून देतील, पण तबला येणार नाही.

उलट बाजूही आहे. पूर्वी सगळं गुरुमुखातूनच यायचं, लिहिण्याला कमीपणा होता. पं. भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून स्वरलिपीत बसवल्या, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले. नुसत्या पुस्तकावरून कुणी गवई झाला नाही हे खरं. पण घरी गेल्यावर बंदिशीचा अंतरा कुठून उठतो हे विसरलेल्या किती विद्यार्थ्यांना त्या पुस्तकांनी सावरलं असेल! कागद कानाच्या मदतीला आला, त्याने कानाची जागा घेतली नाही. मोडीतही असंच काहीसं असावं असं वाटतं.

मनोव्यापार

बोरू_टाक, मी मानसशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

तुमच्या वर्गात आली ती प्रश्नावली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या मांडणीवरची. ते आधी शाळा तपासनीस होते. चांगल्या शिक्षकांच्या वर्गातही काही मुलं मागे का राहतात, या खऱ्या काळजीतून त्यांनी १९८७च्या सुमारास ही मांडणी केली. हेतू चांगला होता. फ्लेमिंग स्वतः सांगत की ही प्रश्नावली आवड दाखवते, कुवत दाखवत नाही. हे वाक्य प्रश्नावली पसरताना गळून पडलं.

अशी ही एकटीच मांडणी नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा शिकण्याच्या शैलींचे ७१ वेगवेगळे आराखडे सापडले. एकाच माणसाला एका आराखड्यात ‘कृतिशील’ आणि दुसऱ्यात ‘चिंतनशील’ अशी चिठ्ठी लागू शकते.

खरा मुद्दा पुढे आहे. २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी विचारलं: शैलींची कल्पना खरी ठरवायची तर कोणता पुरावा लागेल? समजा, वर्गात काही जण ‘दृश्य’ आहेत, काही ‘श्राव्य’. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना चित्रांतून शिकवा, निम्म्यांना ऐकवून, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. दृश्यवाल्यांना चित्रांनी आणि श्राव्यवाल्यांना ऐकून जास्त गुण मिळाले तरच कल्पना टिकते. सगळ्यांनाच चित्रांनी जास्त आलं, तर तो चित्रांचा गुण, शैलीचा नाही. या कसोटीवर उतरणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

२०१५चा बेथ रोगॉव्स्की आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला फार आवडतो, कारण साधा आहे. प्रौढांची आवड आधी तपासली, कान की वाचन. मग काहींना पुस्तकाचा भाग ऐकवला, काहींना तोच पडद्यावर वाचायला दिला. लगेच परीक्षा घेतली, दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली. आवडीच्या मार्गाने शिकलेल्यांना जास्त कळलं, असं दिसलं नाही.

याचा अर्थ सगळी माणसं सारखी असा नाही. कुणाला विषयाची पूर्वतयारी जास्त, कुणाची स्मरणशक्ती जास्त, कुणाचं लक्ष पटकन उडतं. हे फरक खरे आहेत आणि मोठे आहेत. फक्त ते ‘डोळ्यांचा माणूस’ आणि ‘कानाचा माणूस’ अशा कप्प्यांत बसत नाहीत.

किनारा७

मनोव्यापार, आदर ठेवून असहमत. मला खरंच ऐकून जास्त लक्षात राहतं. लोकलच्या प्रवासात ऐकलेली भाषणं मला वर्षानुवर्षं आठवतात. प्रयोगशाळेतले आकडे माझा अनुभव खोटा कसा ठरवणार?

मनोव्यापार

किनारा७, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणतच नाही. तुम्हाला ऐकायला आवडतं, म्हणून तुम्ही भरपूर ऐकता, मन लावून ऐकता आणि मग ते राहतं. आवडीमुळे माणूस जास्त वेळ बसतो, ही फार मोठी गोष्ट आहे. ती कुणीही सोडू नये.

फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. ‘मला हे सोपं जातंय’ ही एक आणि ‘मला हे दहा दिवसांनी सांगता येईल’ ही दुसरी. आपलं मन पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधतं आणि तिथे हमखास घोटाळा होतो. २००६ साली रोएडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून आठवणारे पुढे गेले.

तेव्हा एवढंच करून बघा. एखादं भाषण ऐका, आणि तेवढ्याच लांबीचा, तेवढाच अवघड लेख वाचा. दोन्हींच्या नोंदी काढू नका. आठवड्याने दोन्हींवर कोऱ्या कागदावर लिहा. तुमचं उत्तर तुमच्याच कागदावर असेल आणि ते इथे आलं तर मला आनंद होईल.

किनारा७

हे करायला हरकत नाही. करतो.

रानवाटा

वाचते आहे. सुंदर चर्चा.

चिंच_बोरं

एक बाबा म्हणून विचारतो. मुलगी तिसरीत आहे. तिच्या क्लासच्या मेळाव्यात एक स्टॉल होता. दहा बोटांचे ठसे घेऊन मूल कोणत्या पद्धतीने शिकेल, पुढे कोणत्या क्षेत्रात जाईल याचा तीस-चाळीस पानी रंगीत अहवाल देतात. फी काही हजारांत आहे. बरेच पालक रांगेत होते. करावी का? इथे कुणी केली आहे का?

मनोव्यापार

करू नका. स्पष्टच सांगतो.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, गर्भारपणाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून तयार होऊ लागतात आणि जन्माच्या बऱ्याच आधी कायमच्या ठरतात. त्या कशा उमटतील हे त्वचेच्या वाढीवर आणि गर्भाशयातल्या बारीकसारीक परिस्थितीवर अवलंबून असतं. एकसारख्या जुळ्यांचे ठसेही वेगळे असतात. त्या रेषांवरून मुलीचं गणित कसं होईल किंवा ती ऐकून शिकेल की बघून, हे सांगता येत नाही. या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, असं मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही, सांगितलेलं आहे.

या अहवालांत हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तांचं नाव घेतलेलं असतं. गार्डनर यांनी १९८३ साली ती कल्पना मांडली आणि माझी कल्पना म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे पुढे त्यांनीच जाहीरपणे लिहिलं.

पैशांपेक्षा मला दुसरी काळजी वाटते. तिसरीतल्या मुलीच्या अहवालात ‘तर्क कमी’ असं छापून आलं की ते घरात कायमचं राहतं. पुढे एखादं गणित चुकलं की सगळ्यांना तो कागद आठवतो.

चिंच_बोरं

हेच ऐकायचं होतं. धन्यवाद सर. त्या पैशांत तिला पुस्तकं आणतो.

गठ्ठे_सुट्टे

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वरच्या चर्चेला वर्गातलं थोडं जोडते.

दुसरीत ‘४७ म्हणजे चार दशक सात एकक’ हे मुलं छान म्हणतात. पण म्हणणं आणि कळणं यांत अंतर असतं. मग आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधतो. बावीसमधून आठ वजा करायचे तर सुट्ट्या दोनच काड्या. पोर काही क्षण थांबतं, आपल्याकडे बघतं, आणि मग एका गठ्ठ्याचं रबर काढतं. तेवढी ती रबर काढायची कृती झाली की हातचा घेणं त्याला परत शिकवावं लागत नाही. हे बघण्यासाठी मी या नोकरीत आहे असं मला वाटतं.

वर्गातल्या एकाही मुलाला रबर काढू न देता हातचा नीट शिकवता आलेला नाही. त्यात ‘कृतीवाले’ आणि ‘श्राव्यवाले’ असा भेद मला दिसला नाही. हातच्यालाच काड्या लागतात. पाढ्यांचं उलटं. पाढे सुरात, चालीत, एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळूनच येतात. जुनी माणसं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशीच चालीवर शिकली आणि सत्तरीतही घडाघडा म्हणतात. तीच मुलं, तोच वर्ग. एका गोष्टीला हात लागतो, दुसरीला कान.

मूल बघून मार्ग बदलावा लागतो तो आणखी एका अर्थाने, आणि तिथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. शाळाच कुरणात गेली. मूल दृश्य की श्राव्य असा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. मूल दिवसभर कुठे असतं, काय करतं, कोणती भाषा बोलतं, हे बघितलं होतं. मला वाटतं, मुलाची शिकण्याची पद्धत ओळखायची म्हणजे हे ओळखायचं.

संथ_लय

गठ्ठे_सुट्टे ताई, रबराचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. असे शिक्षक सगळ्यांना मिळोत.

उंबरठा

थोडी वेगळी बाजू. माझ्या मुलाला वाचनात खूप अडचण होती. अक्षरं उलटसुलट, जोडाक्षरं गाळणं, फळ्यावरून उतरवताना ओळ सुटणं. आजूबाजूचे सगळे सांगायचे, ‘त्याची पद्धत वेगळी आहे, तो ऐकून शिकणारा आहे, वाचायचा आग्रह धरू नका.’ ऐकायला फार मायाळू वाटायचं. पण त्याला डिस्लेक्सिया होता. रीतसर तपासणी झाल्यावर विशेष शिक्षिकेकडे ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याचा नेमाने सराव सुरू झाला आणि त्याचं वाचन हळूहळू सुधारलं. दहावीला जादा वेळाची सवलतही मिळाली.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच: मूल एखाद्या मार्गाने शिकतच नसेल, तर तो मार्ग ‘त्याचा नाही’ म्हणून सोडून देण्याआधी तपासणी करून घ्या. वाचायचं राहून गेलं तर पुढे सगळ्याच विषयांत अडतं.

मनोव्यापार

उंबरठा, शंभर टक्के. हे मी लिहायला हवं होतंच, पण तुमच्याकडून आलं ते जास्त मोलाचं.

गारवा

रुमाल उचलतो.

मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करतो. अभ्यासिकेत बसून इतरांना बघितलं तर दोन प्रकार दिसतात. एकांची पुस्तकं चार रंगांनी रंगलेली असतात. दुसरे पुस्तक उपडं ठेवून पुटपुटत असतात किंवा भिंतीकडे बघत असतात. पहिल्यांचा अभ्यास दिसायला जोरदार असतो. पूर्वपरीक्षेच्या महिनाभर आधी मात्र दुसरे निवांत असतात.

डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला गेले. स्वतःची चाचणी घेणं आणि उजळणी दिवसांवर पसरवून करणं, हे दोन वर आले. आमच्यात हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण अंगवळणी फार थोड्यांच्या पडतं, कारण पुस्तक मिटून आठवायला बसणं त्रासाचं असतं. नाही आठवलं की वाईट वाटतं.

मी स्वतः चिठ्ठ्यांची पेटी वापरतो. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात ही सांगितली. पेटीत चार-पाच कप्पे करायचे. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे दिवसाआड, आठवड्याने, अशा वाढत्या अंतराने. राज्यघटनेची कलमं माझी यावर बसली. भूगोलाला मात्र चिठ्ठ्या कमी पडतात. तिथे कोरा नकाशा घेऊन नद्या काढाव्या लागतात. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते हे चिठ्ठीवर वाचून कळतं, पण ती महाबळेश्वरहून निघून आधी दक्षिणेला उतरते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते, हे हाताने काढल्यावरच डोक्यात बसतं.

म्हणजे ‘माझी पद्धत’ म्हणून एकच नाव मला सांगता येणार नाही. कलमांची वेगळी, नद्यांची वेगळी. माझं म्हणावं असं इतकंच, की पहाटे डोकं चालतं आणि जेवणानंतर चालत नाही, म्हणून अवघड विषय पहाटे.

देवराई

मी वैद्यकीय शाखेतली, म्हणून एक भर. इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी तीच प्रश्नावली भरली, प्रत्येकाला त्याच्या प्रकाराला साजेशा अभ्यासाच्या सूचना मिळाल्या. बहुतेकांनी त्या पाळल्याच नाहीत. ज्यांनी पाळल्या त्यांचे गुणही त्यामुळे वाढले नाहीत. संगणकावरच्या सूक्ष्मदर्शकाचा सराव करणाऱ्यांना मात्र फायदा दिसला, मग त्यांचा ‘प्रकार’ कोणताही असो. पेशींचे थर ओळखायचे तर पेशींचे थरच बघायला लागतात. हे आम्ही पहिल्या वर्षी कष्टाने शिकलो.

बोरू_टाक

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. गारवा, तुमच्या नद्या वाचताना मला माझं मोडी एकदम उलगडल्यासारखं झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

मोडी शिकणं ही एक गोष्ट नाहीच, निदान तीन आहेत.

पहिली, अक्षरं. पानावर आधी आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि रेघेखाली हात न उचलता अक्षरं जोडत न्यायची. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षराचं रूप हाताच्या वेगातून आलेलं असल्यामुळे ते लिहूनच कळतं. कुठून उचललं, कुठे वळवलं हे हाताला ठाऊक झालं की कागदावर अर्धवट पुसलेलं अक्षरही ओळखू येतं. सर म्हणाले ते हेच. इथे कुणालाही सूट नाही, प्रश्नावली काहीही सांगो.

दुसरी, कालगणना. जुन्या कागदांवर साल अरबी संख्यांत असतं. ‘इसन्ने सितैन मया व अलफ’ म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६२ हे शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. नवं शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून हा फरक. तेव्हा हे १७६१-६२ झालं, पानिपतानंतरचं साल. आता हे इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस लिहून लिहून माझ्या डोक्यात बसत नव्हतं. शेजारच्या काकांनी पाढ्यासारखी चाल लावली आणि आता चहाच्या वेळी आम्ही मोठ्याने म्हणतो. वर्गात स्वतःला ‘दृश्य’ म्हणवणारीला पण चालीनेच आलं. गठ्ठे_सुट्टे ताई, अगदी तुमच्या पाढ्यांसारखं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड, ती म्हणजे वाचन. वर्गातलं वळण स्वच्छ असतं, खऱ्या कागदांवरचं नसतं. पेशवाईतला कारकून वेगळं लिहितो, इंग्रजी अमदानीतला तलाठी वेगळं, खासगी पत्रातला हात आणखी वेगळा. मी सध्या एकाच माणसाच्या हातची पत्रं ओळीने वाचते आहे. तिसऱ्या-चौथ्या पत्रापर्यंत मजा यायला लागते, भराभर वाचता येतं. वही उघडली की पुन्हा पहिल्या दिवसासारखं. यावर काय करावं?

मनोव्यापार

बोरू_टाक, तुमच्या तिसऱ्या गोष्टीला जवळजवळ बेतून केल्यासारखा एक प्रयोग आहे.

२००८ साली नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी लोकांना १२ चित्रकारांची निसर्गचित्रं दाखवली, प्रत्येकाची सहा. काही चित्रकारांची सहाही चित्रं लागोपाठ. बाकीच्यांची एकमेकांत मिसळून. नंतर त्याच चित्रकारांची न पाहिलेली चित्रं दाखवून विचारलं, हे कुणाचं? मिसळून पाहिलेल्या चित्रकारांचा हात लोकांनी जास्त बरोबर ओळखला. आणि तरीही, कोणत्या प्रकाराने जास्त शिकलात असं विचारल्यावर बहुतेकांनी उत्तर दिलं, लागोपाठ पाहिल्याने.

लागोपाठ बघताना ओघ लागतो, सोपं वाटतं. मिसळून बघताना दर वेळी नव्याने विचारावं लागतं की हा हात त्या हातापेक्षा कशाने वेगळा. शिकणं त्या विचारण्यात होतं. एकाच हातची पत्रं ओळीने वाचून तुम्हाला तो हात येतो. तुम्हाला हवं आहे ते निरनिराळ्या हातांतून अक्षर ओळखणं. तेव्हा पत्रं, वही आणि खरेदीखत अशी आलटून पालटून ठेवा. सुरुवातीला वेग घटेल. घटू द्या.

संथ_लय

रियाजातही असंच. एकच कायदा तासभर वाजवला की घरी हात सुरेख चालतो. गुरुजी मात्र मध्येच दुसऱ्या तालाचा कायदा मागतात, मग परत पहिला. तेव्हा कळतं कोणता खरंच बसला आहे.

किनारा७

मनोव्यापार, सांगितल्याप्रमाणे करून बघितलं. पाण्याच्या नियोजनावरचं एक भाषण ऐकलं आणि त्याच विषयावरचा तेवढाच मोठा लेख वाचला. आठवड्याने कोऱ्या कागदावर लिहिलं. भाषणातले किस्से आणि वक्त्याचा सूर लख्ख आठवला. लेखातली कारणांची साखळी जास्त नीट लिहिता आली. म्हणजे दोन्हींतून वेगवेगळं काही राहिलं. मला हे फार उपयोगी वाटलं, कारण कामासाठी मला कारणंच हवी असतात. ऐकणं सोडणार नाही, पण ऐकून झाल्यावर स्टेशनला उतरायच्या आत मनातल्या मनात मुद्दे सांगून बघायला लागलो आहे.

मनोव्यापार

किनारा७, खूप आभार. इतक्या प्रामाणिकपणे करून बघणारे कमी भेटतात. आणखी दोन-तीन विषयांवर करून बघा. एका प्रयोगात तो विशिष्ट लेख किंवा तो वक्ता यांचाही वाटा असू शकतो.

चिंच_बोरं

मुलीबरोबर करता येईल असं काही सोपं आहे का? तिसरीच्या मानाने.

गठ्ठे_सुट्टे

आहे ना. धडा वाचून झाला की पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि तिला तुमची बाई होऊ द्या. तिने शिकवायचं, तुम्ही शंका विचारायच्या. अडली की सांगू नका, थोडं थांबा, मग पुस्तक तिच्याकडे द्या. तिलाच शोधू दे. दोन दिवसांनी जेवताना त्याच धड्यातलं एक विचारा. कधी चित्र काढू दे, कधी नाटुकलं करू दे. कोणत्या धड्याला काय लागलं हे तुम्हाला महिन्याभरात दिसायला लागेल. आणि तिला काय आवडतं हेही कळेल, ते वेगळं आणि तितकंच महत्त्वाचं.

रानवाटा

बोरू_टाक, तुमच्या वर्गातल्या त्या ‘श्राव्य’ दादांचं पुढे काय झालं?

बोरू_टाक

त्यांना मी अरबी संख्या म्हणून घ्यायचं काम दिलं आहे. आवाज खणखणीत आहे, सगळा वर्ग त्यांच्यामागे म्हणतो. आणि सरांनी त्यांना शेजारी बसवून गिरवायला लावलं. बाराखडी अर्ध्यावर आली आहे.

मनोव्यापार सर, तुमचा चित्रकारांचा प्रयोग सरांना सांगितला. ते खूश झाले. येत्या रविवारपासून वर्गात रोज तीन वेगवेगळ्या हातांचे कागद मिसळून ठेवायचे ठरलं आहे. प्रत्येकाने आधी न विचारता वाचायचं, अडलेल्या अक्षराभोवती पेन्सिलने गोल करायचा आणि मग सगळ्यांनी मिळून सोडवायचं. पुढच्या आठवड्यात तेच कागद पुन्हा, गोल किती उरले ते बघायला.

आमच्याकडे पेशवेकालीन पत्रांच्या छायाप्रती पुष्कळ आहेत, पण १८५०नंतरची खरेदीखतं आणि गहाणखतं कमी पडताहेत. इथे कुणाच्या घरी असतील तर स्वच्छ उजेडात फोटो काढून मला निरोपातून पाठवाल का? नावं आणि जमिनीचे तपशील झाकलेत तरी चालेल, आम्हाला अक्षर हवं आहे. वाचून झालं की मजकूर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून तुम्हाला परत पाठवू.

देवराई

आमच्याकडे मामाच्या घरी आहेत दोन. शनिवारी जाणार आहे, फोटो पाठवते.